जगायला गेलेली माणसं



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी कॉम्प्युटर बंद ठेवायला सांगितलं होतं. आता परवानगी मिळाली आहे, पण सूनबाईंनी रोज एकच तास ठरवून दिला आहे. त्यामुळे हा लेख तीन-चार बैठकांत झाला. कुठे सांधा दिसला तर सांभाळून घ्या.

गेल्या उन्हाळ्यात माणमध्ये आमच्या भावकीत लग्न होतं. जेवणं झाल्यावर मांडवात गप्पा रंगल्या. शेतीला मजूर मिळत नाहीत, मजूर टिकत नाहीत, असा नेहमीचा विषय निघाला. तेव्हा एका पाहुण्यांनी मला विचारलं, "मास्तर, तुमच्या तलासरीकडचे ते वारली लोक एका जागी राहतच नाहीत म्हणे. मुळातच भटकी जमात ना ती?" (पाहुणे हा ब्लॉग वाचतात. म्हणून नाव लिहीत नाही, आणि त्यांनी रागावू नये ही विनंती.)

मी पाणी प्यायलो आणि विषय बदलला. तलासरीत माझी पन्नास वर्षं गेली, तरी उत्तर दिलं नाही. का? तर हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मी १९७६ साली स्वतःच्या हाताने लिहून खाली सही केली होती.

झालं असं. मी १९७३ साली नोकरीला तलासरीत आलो. आदल्या वर्षीच्या दुष्काळाने आमच्याकडे विहिरींचे तळ दिसले होते, जनावरं छावणीत होती, आणि बी.ए.ची परीक्षा मी खडी फोडण्याच्या कामावर हजेरी लिहीत लिहीत दिली होती. नोकरीचा कागद आला तेव्हा ठाणे जिल्ह्यात तलासरी नेमकी कुठे, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. दोन खोल्यांची शाळा, कौलं फुटलेली, आणि पाऊस म्हणजे असा की माणदेशी माणसाला वाटावं, आता हा थांबायचाच नाही! जूनमध्ये पटावर चाळीसच्या आसपास मुलं असायची. दिवाळीची सुट्टी संपवून गावाहून परत यावं, तर वर्गात पंधरा-सतरा. बाकीची कुठे गेली म्हणून विचारलं की एकच उत्तर यायचं, "जगायला गेली."

मला तो शब्द तेव्हा नीट कळला नव्हता. १९७६ साली वार्षिक माहितीचा तक्ता भरताना 'गळतीचे कारण' या रकान्यात मी लिहिलं, 'पालकांची अनास्था व भटकी वृत्ती.' अक्षर वळणदार होतं माझं. साहेबांनीही ते कारण पसंत केलं.

त्याच वर्षी चौथीत एक मुलगा होता. तोंडी हिशेबाला इतका पक्का की मी फळ्यावर गणित लिहून हात खाली आणेपर्यंत त्याचं उत्तर तयार असायचं. दिवाळीनंतर तोही गेला. सलग गैरहजर म्हणून मी लाल शाईने त्याचं नाव पटावरून कमी केलं. जूनच्या पहिल्या पावसात तो शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. वीटभट्टीवर राबून हाताची सालं निघाली होती. मी म्हणालो, "तुझं नाव कमी झालंय. वडिलांना घेऊन ये." तो मान हलवून गेला, तो परत आला नाही. मीही त्याच्या पाड्यावर गेलो नाही. पाऊस फार होता, असं तेव्हा मनाला सांगितलं.

असो. तर पाहुण्यांना त्या दिवशी द्यायला हवं होतं ते उत्तर आज देतो. जरा लांबड लागेल, कारण ते इतिहासातूनच द्यावं लागेल.

आमच्या भागाचा इतिहास कुणी सांगू लागलं की सुरुवात होते बाहेरून आलेल्यांपासून. तलासरीपासून जवळच, आता गुजरातेत असलेलं संजाण. इराणातून आलेले पारशी तिथे उतरले, हे आपण शाळेत शिकलो. १५९९ च्या सुमाराला लिहिल्या गेलेल्या 'किस्सा-ए-संजाण' या काव्यात ती हकीकत आहे. पुढे संजाण पडलं तेव्हा त्यांनी आपला पवित्र अग्नी बारा वर्षं बाहरोटच्या डोंगरावर जपला, अशी परंपरा आहे. तो डोंगर आमच्याच बाजूला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणी आले. त्यांनी घोलवड, बोर्डी, डहाणू या पट्ट्यात चिकूच्या वाड्या उभ्या केल्या. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. १८६० च्या दशकात रेल्वे आली, तिच्यामागून लाकडाचे ठेकेदार, गवताचे व्यापारी, दारूचे मक्तेदार आणि सावकार आले. शेवटी आमच्यासारखे मास्तर, तलाठी, ग्रामसेवक आले. या सगळ्यांच्या येण्याला साल आहे, कारण आहे, बहुतेकांच्या गाठीला कागद आहे. या साऱ्यांच्या आधीपासून जे इथे आहेत, त्यांच्या जाण्या-येण्याची मात्र कुणी नोंद केली नाही.

आता 'भटकी' या शब्दाकडे येतो. तो अगदीच हवेतून आलेला नाही. वारल्यांची वस्ती म्हणजे पाडा. दहा-वीस घरं इथे, दहा-वीस टेकडीपलीकडे. घर कारवीच्या कुडाचं, वरून शेणमातीने सारवलेलं, छपराला पेंढा. असं घर मोडून दुसरीकडे उभं करायला फार दिवस लागत नाहीत. डोंगरउतारावर झाडोरा तोडून, जाळून, त्या राखेत नागली-वरई पेरायची, दोन-तीन वर्षांनी जमीन दमली की ती सोडून दुसरा तुकडा घ्यायचा, ही दळीची शेती. म्हणजे माणसं हलत होती, हे खरं. पण ती आपल्याच रानात, आपल्याच देवांच्या हद्दीत, आपल्या मर्जीने हलत होती. आमच्याकडचा धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतो आणि पावसाळ्याला परत येतो. ती त्याची शेतीची रीत आहे. त्याला कुणी 'याला घर नको असतं' म्हणत नाही. (म्हणतात म्हणा... पण म्हणू नये.)

१८७८ चा जंगल कायदा आला, राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या आणि दळीची शेती हळूहळू गुन्हा ठरली. डोंगर सोडून माणसं खाली भातशेतीकडे आली. भातशेतीला बैल लागतात, बियाणं लागतं, सारा रोख भरावा लागतो. तिथे सावकार भेटला. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की खावटी काढायची आणि पीक आल्यावर दीडपट, दुप्पट फेडायची. दोन-चार वाईट वर्षं आली की जमीन सावकाराच्या नावावर! कसणारा तोच, पण आता दुसऱ्याच्या जमिनीवर.

आणि इथे ती गोष्ट आहे जी मला १९७६ साली माहीत असायला हवी होती. जमीन गेल्यावर ही माणसं भटकायला लागली नाहीत. उलट, त्यांना हलूच दिलं नाही. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघंही त्याच्या वाड्यावर बांधले जायचे. त्याला 'लग्नगडी' म्हणत. फेड कधी संपेल, हे ठरवणार सावकार, आणि चोपडीही त्याचीच. शिवाय वेठ होती. बोलावणं आलं की स्वतःच्या शेतातली लावणी टाकून शेटच्या शेतावर फुकट राबायला जायचं. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई सरकारसाठी आदिवासींच्या स्थितीचा अहवाल तयार केला. सरकारी माणूस, चळवळ्या नव्हे. त्याने ही वेठ, ही लग्नगड्यांची पद्धत, मारहाण, सगळं नोंदवून ठेवलं आहे.

ज्यांना आपण 'मुळातच भटके' म्हणतो, त्यांच्या दोन-तीन पिढ्या वाड्याच्या खुंट्याला बांधलेल्या होत्या. पाय असून चालायची परवानगी नव्हती!

हे बांधलेपण तुटलं ते १९४५ मध्ये. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. उंबरगाव तालुक्यातले काही वारली तिथे गेले. त्यानंतर शामराव आणि गोदावरी परुळेकर इकडे आले, आणि २३ मे १९४५ ला झरी गावात वारल्यांची मोठी सभा झाली. हजारो माणसं पाड्यापाड्यांवरून चालत आली. ठरलं काय? वेठ करायची नाही. फुकट राबायचं नाही. लग्नगड्यांनी वाडे सोडून आपापल्या घरी जायचं. ऑक्टोबरमध्ये गवतकापणीच्या मजुरीवरून संप झाला. पाचशे पौंड गवतामागे मजुरी किती, हा वाद. हे गवत गठ्ठे बांधून रेल्वेने मुंबईच्या तबेल्यांत जायचं. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मेले.

गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७० साली आलं, १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मी ते वाचलं १९७९ मध्ये! झरी माझ्या तालुक्यातलं गाव. सहा वर्षं मी त्याच्या आजूबाजूला सायकल मारत होतो, पुस्तकातून अशोकाचे शिलालेख शिकवत होतो, आणि माझ्या वर्गातल्या मुलांचे आजे त्या सभेला चालत गेले असतील, हे माझ्या गावीही नव्हतं. एखाद्याला नुसतं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

आता पाहुणे म्हणतील, बरं, वेठ गेली, कुळकायदा आला, मग ही माणसं घर का सोडतात? रास्त प्रश्न आहे. १ एप्रिल १९५७ चा कृषिदिन आला, काहींच्या नावावर जमिनी झाल्या, काहींच्या झाल्याच नाहीत. १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा आला, १९७६ मध्ये वेठबिगारी बंदीचा. यांनी फरक पडला. पण पदरात आलेले तुकडे लहान, आणि तेही पुढे भावाभावांत वाटले गेले. जंगलातल्या जमिनी कित्येकांकडे एकसाली, म्हणजे वर्षाच्या बोलीवर. पाऊस भरपूर, पण तो चार महिन्यांत उतारावरून समुद्राला जातो. भात एकदा निघालं की जमीन मोकळी आणि माणूसही.

पाण्याची गोष्ट तर वेगळीच. सूर्या नदीवर धामणीला धरण झालं, त्याचं पाणी पाईपातून वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडे निघालं. साठच्या दशकात दापचरीला दुग्धप्रकल्पासाठी हजारो एकर जमीन घेतली गेली. मुंबईतले तबेले तिथे हलवायचे, अशी योजना होती. ज्या तबेल्यांसाठी इथल्या लोकांनी गवत कापलं, त्याच तबेल्यांसाठी मग जमिनी गेल्या. प्रकल्प पुढे ओसरत गेला. जमीन ज्यांची होती ते मात्र पांगले ते पांगले.

आणखी एक रेघ १९६० साली ओढली गेली. महाराष्ट्र-गुजरात वेगळे झाले तेव्हा उंबरगाव तालुका मधोमध कापला गेला. ४७ गावं आणि ३ शहरं गुजरातेत गेली, उरलेली २७ गावं डहाणूला जोडली आणि १९६१ मध्ये त्यांचा तलासरी महाल झाला. बाजार, स्टेशन आणि पुढे आलेले कारखाने बहुतेक रेघेच्या पलीकडे. आजही सकाळी शिफ्टला उंबरगाव, वापीकडे जाणाऱ्या गाड्या इथल्या पोरापोरींनी भरलेल्या असतात. मामा गुजराती शाळेत शिकलेला आणि भाचा मराठी, अशी घरं मी पाहिली आहेत.

दिवाळीच्या आधी मुकादम पाड्यावर येतो. उचल देतो. सणाला कपडे होतात, कुणाच्या आजारपणाचं देणं फिटतं, आणि त्या पैशाच्या फेडीसाठी घरच्या घर वसई, भिवंडी, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतं. तिथे राहायला कच्ची, बुटकी खोप. तिला 'भोंगा' म्हणतात. हिशेब होतो पावसाच्या तोंडावर, आणि कधीकधी वर्षभर राबूनही उचल फिटलेली नसते. लग्नगडी कायद्याने गेला खरा... पण मुकादमाच्या वहीकडे पाहिलं की मला जुन्या चोपडीची आठवण येते.

काही जण खलाशी म्हणून जातात. आमच्या पाड्यांवरची माणसं मूळची डोंगरातली, पण बोटीवर पगार बरा म्हणून पोरबंदर, वेरावळ, ओख्याला जातात. बोट दुसऱ्याची, मासळी दुसऱ्याची. समुद्रात हद्द दिसत नाही. चुकून ओलांडली गेली की पाकिस्तानी पकडतात आणि कराचीच्या तुरुंगात टाकतात. तलासरी-डहाणूची कितीतरी माणसं अशी तिकडे अडकून पडली. दोन्ही देश २००८ च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. पाड्यावरची एखादी बाई त्या यादीची वाट बघत असते. मी चाळीस नावांचा पट सांभाळायचो. गैरहजर म्हणजे काय, हे त्या बाईने मला शिकवायला हवं होतं.

आता माझ्या माणदेशाचं सांगतो. आमच्यातही घरटी एक माणूस मुंबईला. माझे सख्खे चुलते मशीद बंदरला पोती वाहत होते. १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, मंडळं आली, नोंदणी झाली, आणि म्हातारपणी त्यांच्या हाताला काही लागलं. चैत्रात शिंगणापूरच्या यात्रेला ते गावी येत तेव्हा सगळा वाडा त्यांच्याभोवती. आम्हाला कुणी भटके म्हटलं नाही. आम्ही 'मुंबईकर'! फरक कशात? चुलत्यांच्या मागे गावात सातबारा होता, मुंबईत संघटना होती, आणि पोरं गावच्या शाळेत बसली होती. वारली कुटुंब निघतं तेव्हा पोरांसकट निघतं, कारण मागे ठेवायला कुणी नसतं.

यावर उपाय शोधणारी माणसं माझ्याच शेजारी होती, हे तर जास्त लागतं. १९४५ मध्येच, म्हणजे झरीच्या सभेच्याच वर्षी, बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची. गुरं राखायला जातं, तर कुरणात शाळा भरवायची. त्याच त्या कुरणशाळा. नव्वदच्या दशकात वसईकडे विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा काढल्या. अनुताईंनी मूल का येत नाही हे विचारलं. मी मूल आलं नाही, एवढंच लिहिलं.

उशिरा का होईना, एक गोष्ट केली, तीही सांगतो. १९९९ साली बदली होत होत मी परत त्याच पहिल्या शाळेत आलो. दुसरीत एक मुलगा दाखल झाला. फॉर्मवर वडिलांचं नाव वाचलं आणि हात थांबला. तेच नाव, जे मी लाल शाईने खोडलं होतं. वडील पुढे काही शिकले नव्हते. अंगठा नव्हे, सही करत होते, एवढंच. त्यांनी मला ओळखलं. "गुरुजी, दिवाळीनंतर आम्ही भट्टीवर जाऊ. याचं नाव राहील का?" असं विचारलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्या वर्षी मी एका कागदावर लिहून दिलं, की हा मुलगा अमुक इयत्तेत शिकतो, भट्टीजवळच्या शाळेने याला बसू द्यावं. नियमात ते बसतं की नाही, मी पाहिलं नाही. पटावर नाव तसंच ठेवलं. तिकडच्या शाळेने बसू दिलं की नाही, कोण जाणे. पण जूनमध्ये तो आला तेव्हा नाव होतं. मी निवृत्त होईपर्यंत, म्हणजे २००८ पर्यंत, दिवाळीनंतर पुन्हा लाल शाईचं पेन काढलं नाही. २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला, मुलांची नावं अशी खोडणं बंद झालं. चांगलं झालं. माझ्या पहिल्या पंचवीस वर्षांतली खोडलेली नावं मात्र कुठल्याच कायद्याने परत येत नाहीत.

सध्या तालुक्यातून बुलेट ट्रेनचे खांब आणि मुंबई-वडोदरा महामार्ग जातो आहे. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. वनहक्क कायद्याने काही घरांना जंगलजमिनीचा कागद मिळाला, कित्येकांचे दावे पडून आहेत. पुन्हा नवी माणसं येतील, त्यांच्या येण्याला साल असेल, कागद असेल. जाणाऱ्यांचं काय, ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

तर पाहुणे, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, वारली मुळातच भटके नाहीत. आधी त्यांचं रान बंद केलं, मग त्यांना वाड्याला बांधलं, आणि सुटल्यावर उभं राहायला पुरेशी जमीन आणि पाणी दिलं नाही. तरीही दरवर्षी पहिल्या पावसाला ती परत येतात, कुड सारवतात, कणसरीची पूजा करतात आणि भात पेरतात. मी १९७३ साली गाव सोडलं आणि लग्नकार्यापुरताच परत येतो. आता तुम्हीच सांगा, आपल्या दोघांच्या ओळखीत भटका कोण?

डोळे दुखायला लागले, थांबतो. तुमच्यापैकी कुणाच्या घरातलं माणूस असं जगायला बाहेर पडलं असेल, तर त्याची हकीकत विचारून घ्या आणि लिहून ठेवा. म्हातारी माणसं आहेत तोवर विचारा.